एक थैली, त्रेपन्न हात

माझा भाचा अमेरिकेत सांता क्लारा या गावी नोकरीला असतो. २०२५ च्या मे महिन्यात तो पंधरा दिवसांच्या सुट्टीवर आमच्याकडे आला होता. आंब्याचे दिवस होते. दुपारची जेवणे झाली की ओटीवर चटई टाकून आम्ही मामा-भाचे आडवे होत असू, आणि डोळा लागेपर्यंत तो तिकडच्या गोष्टी सांगत असे. अशाच एका दुपारी मोबाइलवर काही वाचता वाचता तो ताडकन उठून बसला आणि म्हणाला, “मामा, घेतले हो शेवटी त्याने! साडेसव्वीस कोटी डॉलर!”

मला वाटले, कोठे बँक लुटली गेली.

“कोणी घेतले?”

“पर्डीने. आमच्या क्वार्टरबॅकने. पाच वर्षांचा करार केलाय. आता बाकीच्यांनी काय खायचं?”

या शेवटच्या वाक्याने माझी झोप उडाली. कारण ते मी पूर्वी एकदा ऐकले होते. ऐकले कसले, माझ्याच तोंडून ते निघाले होते, आणि तेही कोणा अमेरिकन खेळाडूबद्दल नव्हे. त्याकडे मी येणारच आहे. पण आधी या पर्डीची ओळख करून द्यायला हवी, कारण आपल्याकडच्या पुष्कळ घरांत हा खेळ अजून पोचलेला नाही.

अमेरिकन लोक ज्याला फुटबॉल म्हणतात त्यात चेंडू बहुतेक वेळ हातात असतो. तो चेंडूही गोल नाही. सोललेल्या नारळासारखा दोन्ही टोकांना निमुळता. हा खेळ सलग वाहत नाही, तुकड्यातुकड्यांनी चालतो. प्रत्येक तुकड्याच्या आरंभी चेंडू एका माणसाच्या हातात येतो, तो क्वार्टरबॅक. दोन-तीन सेकंदांत त्याने ठरवायचे असते की चेंडू कोणाकडे फेकायचा, कोणाच्या हातात द्यायचा की स्वतःच घेऊन पळायचे. आणि हे ठरवीत असताना सव्वाशे-दीडशे किलोचे गडी त्याला आडवे करण्यासाठी अंगावर धावून येत असतात. पेटीवालाच सूर चुकू लागला तर भजनाचे जे होते, तेच बेताच्या क्वार्टरबॅकमुळे संघाचे होते. म्हणून त्याचा भाव सर्वांहून चढा.

ब्रॉक पर्डीची गोष्ट तर एखाद्या कादंबरीकाराने रचावी अशी आहे. या खेळात नवे खेळाडू संघ पाळीपाळीने निवडून घेतात. २०२२ साली निवडले गेलेले एकूण २६२ आणि पर्डी २६२ वा. पंगतीत शेवटच्या पानावर बसलेला. त्या शेवटच्याला तिकडे थट्टेने ‘मिस्टर इररेलव्हंट’ म्हणतात, म्हणजे ज्याच्या असण्या-नसण्याने काही बिघडत नाही असा गृहस्थ. त्याच हंगामात पुढचे दोन्ही क्वार्टरबॅक जायबंदी झाले आणि हा मैदानात उतरला. पुढच्या हंगामात, २०२४ च्या फेब्रुवारीत, त्याने सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाला अंतिम सामन्यापर्यंत नेले. त्या सामन्यात जादा वेळेत हार झाली, ते असो. त्या सबंध हंगामात त्याचा मूळ पगार होता ८ लाख ७० हजार डॉलर. आपल्याला हा आकडा डोळे फिरवणारा वाटेल. पण त्याच्याइतकी वर्षे खेळलेल्या कोणाही खेळाडूला द्यावेच लागते असे ते किमान वेतन होते. त्याच्याच पेशातले नामांकित त्याच वर्षी याच्या चाळीस-पन्नासपट घेत होते. नवागताला तीन हंगाम पुरे केल्याशिवाय करार बदलून मागता येत नाही, असा नियम आहे. तीन वर्षे तो गप्प बसला आणि चौथ्या वर्षी त्याने मागितले.

“मग बरोबरच मागितलं की त्यानं,” मी म्हणालो.

“तसं नाही हो मामा. तिथं टोपी आहे ना!”

ही टोपी म्हणजे ‘सॅलरी कॅप’. कॅप म्हणजे टोपी हे आपल्याला ठाऊक आहेच, आणि आपल्याकडे टोपी घालणे याचा अर्थ काय तेही ठाऊक आहे. पण या टोपीची रीत सरळ आहे. प्रत्येक संघाने आपल्या सर्व खेळाडूंवर मिळून वर्षाला किती खर्च करायचा याची एक कमाल रक्कम ठरलेली असते आणि ती सर्व संघांना सारखी असते. आयपीएलच्या लिलावात संघाची थैली ठरलेली असते, तसेच. २०२५ च्या हंगामासाठी त्या थैलीत १२० कोटी रुपये होते आणि त्यातले २७ कोटी लखनौच्या संघाने एकट्या ऋषभ पंतसाठी मोजले. अमेरिकेतल्या या फुटबॉलमध्ये २०२५ ची थैली होती २७ कोटी ९२ लाख डॉलरची. तीवर हात त्रेपन्न जणांचे. आणि पर्डीचा हिस्सा सरासरी वर्षाला ५ कोटी ३० लाख! म्हणजे थैलीचा जवळजवळ पाचवा भाग एका माणसाचा आणि उरलेले चार भाग बावन्नांचे.

“डीबो सॅम्युएलच्या नावाचा शर्ट मी दीडशे डॉलर देऊन घेतला,” भाचा कळवळून म्हणाला, “तो आता वॉशिंग्टनला. ग्रीनलॉ डेन्व्हरला, हुफांगा डेन्व्हरला, वॉर्ड इंडियानापोलिसला. सगळं घर मोकळं झालं. कशामुळं? याला द्यायचे म्हणून.”

सगळे काही एकट्या पर्डीमुळे झाले असे नव्हे, इतके त्यानेही मागाहून कबूल केले. त्या संघाने इतरांशीही भारी करार केले होते आणि २०२४ चा हंगामही वाईट गेला होता. सतरांपैकी सहाच सामने जिंकले होते. पण उद्या पर्डीला द्यावे लागणार हे धरूनच आधीची आवराआवर झाली, हेही खोटे नाही.

येथे नीतीचा प्रश्न उभा राहतो. बाजार मोकळा असता, मालकाने आपल्या खिशातून हवे तेवढे दिले असते, तर एका खेळाडूने किती मागावे हा त्याचा आणि मालकाचा प्रश्न होता. पण थैली बांधलेली आहे. यातून मी मूठभर जास्त काढले तर ते माझ्याच सोबत्याच्या ताटातून उचलले जाते. माझ्यासाठी जो अंगावर वार झेलतो, मी फेकलेला चेंडू जो धावत जाऊन झेलतो, त्याच्या ताटातून. मग आपल्या लायकीचे सगळे मागणे हा हक्क, की हावरटपणा? आणि कमी घेणे हा त्याग, की आणखी काही?

भाच्याचे मत पक्के होते. त्याच्यापुढे आदर्श होता तो टॉम ब्रेडीचा. हा ब्रेडीही मागच्या पंगतीतला, २००० साली १९९ वा निवडलेला. पुढे त्याने न्यू इंग्लंडच्या संघाला सहा वेळा अजिंक्यपद मिळवून दिले आणि सातवे टॅम्पाच्या संघाकडून खेळताना मिळवले. त्याची ख्याती अशी की, तो वर्षानुवर्षे आपल्या भावापेक्षा कमी घेत आला. “म्हणून जिंकत आला,” भाचा म्हणाला. “उरलेल्या पैशात चांगले सोबती ठेवता आले.”

मला हे फार आवडले. आपले कानच अशा गोष्टींना सरावलेले. घरातल्या कर्त्या माणसाने शेवटी जेवावे, मोठ्या भावाने लहान वाटा घ्यावा, हे ऐकत आपण वाढलो. तो दिवस मी ब्रेडीच्याच पक्षात घालवला.

पण भाचा प्रामाणिक. दुसऱ्या दिवशी त्यानेच आपल्या मुद्द्याला खोडा घालणारी हकीकत सांगितली, आणि तेव्हापासून ती माझ्या डोक्यातून जात नाही.

२०१३ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गोष्ट. फेब्रुवारीच्या आरंभी बाल्टिमोरच्या संघाने अजिंक्यपद मिळवले. त्यांचा क्वार्टरबॅक जो फ्लॅको. हंगामापूर्वी संघाने देऊ केलेला करार त्याने नाकारला होता. आधी खेळतो, मग बोलू, असा त्याचा बाणा. बाद फेरीचे चारही सामने जिंकून अंतिम सामन्याचा उत्कृष्ट खेळाडू ठरल्यावर त्याने पुरेपूर मागितले आणि सहा वर्षांचे १२ कोटी ६ लाख डॉलर मिळवले. त्या वेळी वर्षाच्या सरासरीने इतका मोठा करार कोणाचाच नव्हता. थैलीची ओढाताण सुरू झाली. अँक्वान बोल्डिन हा त्याचा भरवशाचा सोबती. अंतिम सामन्यात त्याने शंभरावर यार्डांची मजल मारून दिली होती. त्याला संघाने सांगितले की, तुझ्या साठ लाखांतले वीस लाख सोड. त्याने नाही म्हटले. तेव्हा नव्या खेळाडूंच्या निवडीतल्या सहाव्या फेरीच्या एका पाळीच्या बदल्यात त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकण्यात आले. गंमत अशी की, तो गेला तो अंतिम सामन्यात हरलेल्या सॅन फ्रान्सिस्कोकडेच. सप्टेंबरात पहिल्याच सामन्यात त्याने तेरा चेंडू झेलून २०८ यार्ड मिळवले. बाल्टिमोरचा पुढचा हंगाम आठ विजय, आठ पराभव असा गेला.

येथवर भाच्याचा पक्ष बळकट. हावरट राजा, निर्वासित मित्र. पण त्याच फेब्रुवारीत ब्रेडीनेही करार केला होता. तीन वर्षे वाढवून दिली आणि घेतले एकूण २ कोटी ७० लाख, म्हणजे वर्षाला नव्वद लाख. त्याच्या तोडीचे लोक तेव्हा दोन कोटींच्या घरात होते. निम्म्याहून अधिक भाव त्याने सोडला, आणि सर्वांनी वाहवा केली. आता त्याचा लाडका सोबती वेस वेल्कर याला संघ सहज ठेवील, असेच सर्वांना वाटले. सहा हंगामांपैकी पाच हंगामांत या वेल्करने शंभराहून अधिक चेंडू झेलले होते. महिनाभरात वेल्कर डेन्व्हरला गेला, दोन वर्षांच्या १ कोटी २० लाखांवर. न्यू इंग्लंडने त्याच्या जागी दुसरा माणूस आणला.

एकाने सगळे घेतले, त्याचा सोबती गेला. दुसऱ्याने निम्मे सोडले, त्याचाही सोबती गेला.

याचा अर्थ ब्रेडीचा त्याग फुकट गेला असे मी म्हणत नाही. सोडलेले पैसे संघाच्या कामी आले असतीलच. दोन वर्षांनी त्यांनी पुन्हा अजिंक्यपदही मिळवले. पण ज्याच्यासाठी हात आखडता घेतला असे जगाने मानले, त्याच्या हाती ते पडले नाहीत. ते कोणाच्या हाती पडायचे हे ब्रेडीने ठरवायचेच नव्हते. थैलीचे तोंड ज्याच्या मुठीत त्याने ठरवायचे होते. भुकेल्याला आपण आपल्या हाताने भाकरी दिली, तर ती कोणाच्या पोटात गेली हे आपल्याला दिसते. पण आपली भाकरी परत कोठीत ठेवून ‘कोणा भुकेल्याला द्या’ म्हणून आपण निघून गेलो, तर आपण काय केले? दान केले, की कोठीवाल्याचा भार हलका केला?

आणखी एक गोष्ट भाच्याने हसत हसत सांगितली. ब्रेडीची तेव्हाची पत्नी जगातली नामांकित मॉडेल होती आणि तिची मिळकत नवऱ्याहून मोठी होती. घरात दुसरी चूल इतकी पेटलेली असेल तर एका चुलीवरचे निखारे काढून देणे सोपे जाते. मी हे त्याला कमी लेखण्यासाठी लिहीत नाही. पण त्यागाची स्तुती करताना त्यागणाऱ्याच्या घरात काय उरले हेही पाहावे, नाही तर ज्याच्या घरात काही उरत नाही त्यालाही तोच गज लावला जातो. वीस लाख सोड म्हटल्यावर बोल्डिनने नाही म्हटले, तेव्हा त्याच्या हाती खेळाची किती वर्षे उरली आहेत हे कोणाला माहीत होते?

वर्षांचा हा हिशेब फार महत्त्वाचा आहे. या खेळातली सरासरी कारकीर्द तीन-साडेतीन वर्षांची असते, असे खेळाडूंची संघटनाच सांगत आली आहे. डॅलसच्या डॅक प्रेस्कॉटने २०२० साली मनासारखा लांब पल्ल्याचा करार होईना म्हणून एका वर्षाच्या बोलीवर खेळायचे पत्करले. ऑक्टोबरात भर मैदानात त्याचा घोटा असा निखळला की, दूरदर्शनवर पाहणाऱ्यांनी डोळे झाकून घेतले. तो सावरला, पुढच्या मार्चमध्ये त्याने चार वर्षांचे १६ कोटी मिळवले आणि २०२४ साली त्याहून मोठा करार केला. पण न सावरता तर? आपला पर्डीच पाहा. मे महिन्यात करार झाला आणि सप्टेंबरात पहिल्याच सामन्यात पायाच्या बोटाला दुखापत होऊन हंगामातले कितीतरी सामने त्याला बाहेर बसावे लागले. शरीर हेच ज्याचे शेत, त्याने पाऊस पडतो तोवर पेरून घ्यायचे की शेजाऱ्याच्या बांधाचा विचार करीत थांबायचे?

संघाची बाजूही मी समजून घेतली, कारण हा हिशेब मोठा गमतीचा आहे. करारावर सही करतानाच खेळाडूला एक मोठी रक्कम देतात. ती त्याच्या हातात आजच पडते, पण थैलीच्या वहीत ती पाच वर्षांपर्यंत वाटून मांडता येते. पाच कोटी आज दिले, वहीत दरसाल एक कोटी. म्हणून पर्डीचा करार एवढा मोठा असूनही पहिल्या वर्षाच्या वहीत त्याचा भार थोडाच पडला. आमच्या गावचा वाणी उधारीची वही अशीच लिहितो. फरक इतकाच की, येथे ग्राहकच वाणी आहे. आणि मुदतीपूर्वी त्या खेळाडूला काढले, तर वहीत राहिलेले सगळे हप्ते अंगावर येतात. त्याला ‘मेलेला पैसा’ असेच म्हणतात. २०२४ साली डेन्व्हरच्या संघाने रसेल विल्सनला काढले तेव्हा असे साडेआठ कोटी डॉलर दोन वर्षांच्या वहीत मेले. माणूस दुसऱ्या संघाकडून खेळतो आहे आणि त्याच्या नावचे पैसे याच्या थैलीत जागा अडवून बसले आहेत. म्हणजे सोबत्याच्या ताटातले अन्न नेहमी क्वार्टरबॅकच उचलतो असे नाही. करार करणाऱ्या कारभाऱ्याची चूकही तेवढेच उचलते. तिला मात्र कोणी हावरट म्हणत नाही.

बोलणी कशी चालतात, हेही मी विचारले. बहुधा दलाल असतो, आणि तो शंभरात फार तर तीन घेऊ शकतो. पण बाल्टिमोरच्या लमार जॅक्सनने दलाल ठेवलाच नाही. त्याने आणि त्याच्या आईने मिळून व्यवहार पाहिला. महिनोन् महिने ताणाताणी चालली, मला दुसरीकडे जाऊ द्या असे तो उघड म्हणाला, आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये पाच वर्षांचे २६ कोटी ठरले. आमच्या घरी बायकामंडळींना सगळ्या गोष्टींत हीच आवडली. माझी बहीण म्हणाली, “आईपुढं कुणाचा दलाल टिकलाय?”

पण माझे मन त्या थैलीपाशीच घोटाळत होते. ती बांधली कोणी? भाच्याला अर्धे माहीत होते, अर्धे त्याने शोधून सांगितले. पूर्वी खेळाडूला आपला संघ सोडून जाण्याचीच मोकळीक जवळजवळ नव्हती. संप झाले, खेळाडू कोर्टात गेले, आणि १९९३ साली तडजोड झाली. मुदत संपल्यावर हवे तेथे जायचे स्वातंत्र्य खेळाडूंना मिळाले आणि त्याच्या बदल्यात १९९४ पासून ही टोपी त्यांनी डोक्यावर घेतली. पहिल्या वर्षी ती ३ कोटी ४६ लाखांची होती. २०२५ पर्यंत ती आठपट झाली. उत्पन्नाचा सुमारे ४८ टक्के भाग खेळाडूंचा, असा सध्याचा करार आहे. थैलीतले न खर्चलेले पैसे संघाला पुढच्या वर्षाच्या हिशेबात ओढता येतात. काही वर्षांचे मिळून नव्वद टक्के तरी खर्चावेच लागतात, वरच्या दहांची सक्ती नाही.

म्हणजे आधी एक मोठी वाटणी झालेली आहे, मालक आणि खेळाडू यांच्यात. त्रेपन्न जण आपसात भांडतात ते उरलेल्या निम्म्यासाठी. त्या पहिल्या वाटणीच्या वेळी मालकाने थोडे कमी घ्यावे, असे ओटीवर पडून कोणी म्हणत नाही. भाचाही म्हणाला नव्हता. मीही नाही.

आता माझी गोष्ट.

मी मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. आता तिला दहावी म्हणतात. कादंबऱ्या लिहितो म्हणून एका संस्थेने आपल्या विनाअनुदानित वर्गांवर मराठी शिकवायला मला घेतले. बऱ्याच वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात चिटणिसांनी आम्हा मानधनावरच्या आठ शिक्षकांना बोलावून सांगितले की, पुढच्या वर्षी तुम्हा सर्वांसाठी मिळून अमुक एक रक्कम आहे, तीत काय ते बसवा. आमचे गणिताचे सर नावाजलेले. शहरातल्या क्लासवाल्यांनी त्यांना बोलावणे धाडले होते. त्यांनी दुप्पट मागितले, आणि त्यांना ते मिळाले. माझी पाळी आली तेव्हा माझ्या एका कादंबरीला नुकते बक्षीस मिळाले होते आणि मलाही वाढ देऊ केली होती. मी म्हणालो, “मला वाढ नको. पण चित्रकलेचा मुलगा राहिला पाहिजे.” तो मुलगा नवा होता, गरीब होता, आणि वर्गाच्या भिंती त्याने चित्रांनी भरून टाकल्या होत्या. शिक्षकांच्या खोलीत माझे फार कौतुक झाले. खोटे कशाला बोलू, मला ते गोड लागले.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा चित्रकलेचा मुलगा नव्हता. रक्कम पुरत नाही, असे सांगण्यात आले. दिवाळीपर्यंत शाळेच्या दारात लोखंडी कमान मात्र उभी राहिली, देणगीदारांच्या नावांसकट.

आम्ही बाकीच्यांनी काय केले? गणिताच्या सरांशी बोलणे टाकले. “एकट्यानं एवढं घेतलं, मग बाकीच्यांनी काय खायचं?” हे वाक्य तेव्हा मी म्हटले, आणि त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटले. ते काही बोलले नाहीत. काही दिवसांनी सायकल बाहेर काढताना माझ्याजवळ थांबून एवढेच म्हणाले, “सर, तुम्ही सोडलेले पैसे कोणाला मिळाले, ते विचारलंत का?” मला तो उद्धटपणा वाटला. मी विचारले नाही. चिटणिसांना वही दाखवा म्हणण्याची आमच्यापैकी कोणाची छाती नव्हती, आणि गणिताच्या सरांना बोलायला छाती लागत नव्हती. वर्ष संपल्यावर ते नोकरी सोडून गेले.

वेल्करची हकीकत ऐकली तेव्हा मला ती सायकल आठवली.

मी सोडायलाच नको होते, असे अजूनही मला म्हणवत नाही. त्या मुलाला ठेवावे हे माझे मन खरे होते. पण मी माझा वाटा त्याच्या हातात दिला नाही. दरमहा त्याच्या घरी जाऊन दिला असता तर गोष्ट वेगळी. मी तो संस्थेच्या हातात ठेवला, त्यावर कसलीही अट लेखी घेतली नाही आणि वर थोरपणाचे प्रमाणपत्र घेऊन घरी आलो. गणिताच्या सरांनी जे घेतले ते त्यांच्या कामाचे होते आणि उघड घेतले होते. पर्डीलाही मी आता यापेक्षा जास्त काही म्हणू शकत नाही. तीन वर्षे किमान वेतनावर तो खेळला तेव्हा त्याचे उरलेले मोल कोणाच्या तरी पदरात पडतच होते. ते घेणाऱ्यांपैकी कोणी ‘पोराला काय खायला मिळतं’ असे विचारले नव्हते. तरी ग्रीनलॉ गेला, वॉर्ड गेला, याची टोचणी पर्डीला लागली असेल तर मला त्याच्याविषयी अधिक आपलेपणा वाटेल. टोचणी लागावी आणि तरीही मागावे, असे माणसाच्या वाट्याला येते.

भाचा परत गेला. श्रावणात एका संध्याकाळी मी मनाचा हिय्या करून गणिताच्या सरांचा नंबर मिळवला आणि फोन केला. ते आता जिल्ह्याच्या गावी स्वतःचा क्लास चालवतात. माझे नाव ऐकून क्षणभर गप्प राहिले, मग “बोला सर” म्हणाले. क्षमा मागायला म्हणून फोन केला होता. पण जीभ वळेना, म्हणून मी फुटबॉलचीच गोष्ट सुरू केली. ब्रेडी, फ्लॅको, पर्डी, थैली, टोपी, सगळे सांगितले. त्यांनी मध्ये एकदाही अडवले नाही. शेवटी अस्सल गणिताच्या मास्तराचा प्रश्न विचारला.

“या मालकांच्या वह्या कोणाला तपासता येतात का हो?”

“एकाच संघाच्या,” मी म्हणालो. हे मला भाच्याने सांगितले होते. “ग्रीन बे म्हणून एक लहानसं गाव आहे. तिथं एकटा मालकच नाही. पाच लाखांवर भागधारक आहेत, त्यांना नफा वाटत नाहीत. त्या संघाचा ताळेबंद दरवर्षी प्रसिद्ध होतो.”

“अस्सं. म्हणजे तिथं सोडलेला पैसा मालकाच्या खिशात जायची भीती नाही.”

“नाही.”

“मग तिथल्या क्वार्टरबॅकनं किती घेतले?”

मी कागद पाहिला. जॉर्डन लव्ह, २०२४, चार वर्षांचे २२ कोटी.

“वर्षाला साडेपाच कोटी,” मी म्हणालो. “पर्डीपेक्षा वीस लाख जास्तच.”

पलीकडे सर इतके मोठ्याने हसले की, फोन मला कानापासून दूर धरावा लागला. मग ते म्हणाले, “दिवाळीत या. त्या चित्रकलेच्या मुलाचा पत्ता आहे माझ्याकडं. बरोबरच जाऊ.”